पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून प्लॅस्टिकच्या पाट्या लावाव्यात की काळा दगड?

शाहूपुरीकर, सातारा

सर्वांना नमस्कार. साताऱ्यात शाहूपुरीच्या बाजूला आमचे दुमजली घर आहे. विटांचे बांधकाम, सिमेंटचा गिलावा आणि वर सपाट स्लॅब अशी साधी रचना असून पश्चिमेकडची भिंत संपूर्ण उघडी आहे. तिच्यासमोर घर नाही, झाड नाही, नुसते शेत आहे. त्यामुळे जून ते सप्टेंबर पावसाची झड थेट या भिंतीवर बसते आणि वरच्या मजल्यावरील झोपण्याच्या खोलीत दोन जागी ओल येते. एक जागा खिडकीच्या खाली आहे, आणि दुसरी स्लॅबपासून फूट-दीड फूट खाली, एका आडव्या पट्ट्यात. दिवाळीनंतर भिंत वाळते, पण रंगाचे पोपडे आणि पांढरा खार मागे राहतो. वॉटरप्रूफ म्हणून मिळणारा रंग देऊन झाला. त्याने एक पावसाळा निभावतो, दुसऱ्याची खात्री नसते.

या भिंतीला बाहेरून कायमचे काहीतरी लावून टाकावे असे आता घरात ठरले आहे, परंतु काय लावावे यावर एकमत नाही. ठेकेदाराने पीव्हीसीच्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या, उभ्या खाचांच्या पाट्या सुचवल्या आहेत. पाणी प्लॅस्टिकमधून आत जाऊच शकत नाही, त्यामुळे ओलीचा प्रश्न मिटेल, रंगाचा खर्च वाचेल आणि काम आठवड्यात उरकेल, असे त्याचे म्हणणे आहे. वडिलांना हे मुळीच पसंत नाही. घर बांधताना जोत्याला लावलेला काळा दगड आजही जसाच्या तसा आहे, तर तोच वरपर्यंत न्यावा, असा त्यांचा आग्रह आहे. दगडाचा अंदाजे खर्च पाट्यांच्या जवळजवळ दुप्पट सांगितला गेला आहे. चुलतभावाने चुन्याच्या गिलाव्याचा तिसरा पर्याय मधेच काढून ठेवला आहे.

उन्हात आणि झडीत प्लॅस्टिक किती टिकते, दुमजली उंचीवर दगड लावणे सुरक्षित आहे का, आणि मुख्य म्हणजे यांपैकी कशाने ओल थांबेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


निवृत्त अभियंता, कराड

शाहूपुरीकर, आपण ओलीच्या ज्या दोन जागा सांगितल्या आहेत त्या फार बोलक्या आहेत, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो.

स्लॅबखालच्या आडव्या पट्ट्यात बहुधा काँक्रीटचा बीम संपतो आणि विटांचे काम सुरू होते. काँक्रीट आणि वीट ऊन-पावसात सारख्या प्रमाणात हलत नाहीत, त्यामुळे दोहोंच्या सांध्यावर गिलाव्याला बारीक तडा जातो. गिलावा करताना त्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकलेली नसेल तर तो जवळजवळ हमखास जातो. खालून पाहिले तर हा तडा दिसतही नाही, पण वाऱ्याच्या जोराने पाणी त्यातून आत ढकलले जाते. खिडकीखालच्या ओलीचे कारण बहुतेक वेळा खिडकीच्या पाटातच सापडते. हा पाट बाहेरच्या बाजूला उतरता हवा, भिंतीच्या पुढे इंच-दीड इंच आलेला हवा आणि त्या पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला एक आडवी खाच हवी, म्हणजे पाणी तिथे तुटून थेंबाथेंबाने खाली पडते. ही खाच नसेल तर पाणी पाटाच्या तळाला चिकटून उलटे भिंतीकडे येते. गच्चीच्या कठड्याचा माथाही एकदा वर जाऊन पाहावा. त्याचा उतार बाहेर असेल किंवा माथ्यावरच तडे असतील तर सगळे पाणी याच भिंतीवर ओघळत असणार.

यांतील नेमके कोणते कारण आहे हे ठरवण्यासाठी एप्रिलमध्ये, भिंत पूर्ण कोरडी असताना, बागेच्या नळीने पाणी मारून पाहावे. सुरुवात नेहमी खालून करावी, एका उंचीवर निदान अर्धा तास पाणी चालू ठेवावे, आत एकाने लक्ष ठेवावे आणि मगच वर सरकावे. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि पाणी कुठून शिरले ते कळतच नाही. या चाचणीला खर्च शून्य आहे आणि ठेकेदार ती कधीही सुचवत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जुन्या घरांच्या भिंती टिकल्या त्याचे श्रेय आपण दगडाला, चुन्याला किंवा पांढऱ्या मातीला देतो. त्यातील मोठा वाटा वळचणीचा आहे. कौलारू छप्पर भिंतीच्या पुढे दोन-अडीच फूट आलेले असे, पागोळ्या भिंतीपासून लांब पडत आणि वरची अर्धी भिंत फारशी भिजतच नसे. जावळी, पाटण आणि महाबळेश्वर भागात, जिथे वळचणीलाही न जुमानणारा पाऊस पडतो, तिथे पावसाळ्यापूर्वी घराच्या झडीकडच्या बाजूला गवताचे तट्टे बांधायची रीत होती आणि आता त्या जागी निळे प्लॅस्टिक दिसते. म्हणजे पाऊस बाहेरच्या बाहेर एका आवरणावर झेलायचा, आवरण आणि भिंत यांच्यामध्ये वारा खेळू द्यायचा आणि पावसाळा संपला की ते काढून ठेवायचे. आजच्या पेटीसारख्या घरांत स्लॅब भिंतीबरोबर कापलेला असतो, वळचण गेलेली असते, आणि तिचे काम रंगाच्या दोन हातांनी करावे अशी आपली अपेक्षा असते.

प्लॅस्टिकच्या पाट्यांचा प्रसार प्रथम अमेरिकेत झाला. तिथली घरे लाकडी सांगाड्याची, बाहेरून लाकडी फळ्यांची. त्या फळ्या वारंवार रंगवाव्या लागत, म्हणून त्यांच्या जागी पीव्हीसीच्या पाट्या आल्या. त्या पाट्या पाणी पूर्णपणे अडवतात असे तिथेही कोणी मानत नाही. पाटीमागे पाणी जाणार हे धरूनच सांगाड्यावर वेगळे जलरोधक कापड लावतात आणि पाटीच्या तळाला पाणी गळून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवतात. आपल्याकडे तीच वस्तू गिलाव्याच्या भिंतीवर घट्ट ठोकली जाते आणि कडा सिलिकॉनने बंद केल्या जातात. मग मागे गेलेले पाणी बाहेर येऊ शकत नाही, भिंतीला वारा लागत नाही, आणि पूर्वी दिवाळीनंतर वाळणारी भिंत पुढच्या जूनपर्यंत ओलीच राहते. प्लॅस्टिकमधून पाणी जात नाही हे आपल्या ठेकेदाराचे विधान खरे आहे, पण ते दोन्ही दिशांना खरे आहे.

दुसरी अडचण उन्हाची. पीव्हीसी तापल्यावर बरेच वाढते. तीन मीटरची पाटी डिसेंबरच्या पहाटेच्या १० अंशांपासून मेच्या दुपारी ६० अंशांपर्यंत तापली तर तिची लांबी सुमारे एक सेंटीमीटरने बदलते, आणि पश्चिमेच्या भिंतीवर गडद रंगाची पाटी ६० अंशांच्या पुढेही जाते. तेवढ्याच लांबीच्या दगडात हा फरक जेमतेम एक मिलिमीटर असतो. म्हणून पाटीचा स्क्रू लांबट खाचेत, खाचेच्या मध्यावर आणि किंचित सैल बसवायचा असतो. आवळून बसवली की पाटी पहिल्याच उन्हाळ्यात फुगते. पीव्हीसी साधारण ७५ ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, त्यामुळे काळ्या किंवा गडद तपकिरी रंगाचा मोह टाळावा. घरातील भिंतींसाठी असलेल्या पोकळ पाट्या बाहेर लावणे तर उघड नुकसानीचे आहे. त्यांच्यावर सूर्यकिरणांपासून बचाव करणारा थर नसतो. रंग उडतो, पृष्ठभाग खडूसारखा भुकटीचा होतो आणि पाटी ठिसूळ होते. बिलावर ‘बाहेरच्या वापरासाठी’ असे लिहून मागितले की विक्रेता कोणता माल देत आहे ते लगेच कळते.

आगीविषयी थोडक्यात. पीव्हीसी सहज पेट घेत नाही, कारण त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीन असतो. पण आगीत सापडल्यास त्याचा धूर आम्लयुक्त आणि घातक असतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये पॉलिथिलीनचा गाभा असलेल्या पाट्या मात्र पूर्ण वेगळ्या आहेत. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागून ७२ जण मृत्युमुखी पडले, त्या इमारतीवर असेच आवरण होते. स्वस्तात मिळाल्या तरी त्या घराला लावू नयेत. कोणत्याही पाट्या विजेच्या मीटरच्या आणि उघड्या वायरींच्या भोवती नेऊ नयेत.

दगडाबद्दल वडिलांचे मत मला पटते, पण जोत्यापुरते. काळ्या दगडाची २० मिलिमीटर जाडीची फरशी धरली तरी एका चौरस मीटरला ५५ किलोंच्या पुढे वजन होते, म्हणजे १०० चौरस फुटांच्या भिंतीवर ५०० किलोंहून अधिक भार नुसता चिकटवून टांगलेला राहतो. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी अनुभवला त्यांना हे वेगळे सांगायला नको, आणि त्या परिसरात लहान धक्के आजही जाणवतात. पहिल्या मजल्यावर दगड लावायचाच असेल तर चिकटवण्याच्या मसाल्यावर विसंबू नये. प्रत्येक दगडाला स्टेनलेस स्टीलचा क्लॅम्प हवा, आणि तो विटेत नव्हे तर शक्यतो काँक्रीटमध्ये धरलेला हवा. हा खर्च मिळवला की दुप्पट म्हणून सांगितलेला दर तेवढाच राहणार नाही.

माझे मत असे की आधी तडा आणि पाट दुरुस्त करावेत, वर आणि खिडकीवर छज्जा काढावा, गिलावा नव्याने करावा आणि दगड खिडकीच्या पाटापर्यंत, तोही फक्त तळमजल्यावर ठेवावा. एवढे केल्यावर वरच्या भिंतीला पाट्यांची गरज उरेल असे मला वाटत नाही.


कृष्णाकाठ, सांगलवाडी

कराडच्या साहेबांचे बहुतेक विवेचन मान्य करून एका मुद्द्यावर वेगळे मत नोंदवतो. प्लॅस्टिकच्या पाट्या सरसकट मोडीत काढण्यासारख्या नाहीत, आणि हे मी महापुराच्या अनुभवावरून लिहीत आहे.

आमचे घर सांगलवाडीत, नदीपासून फार लांब नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. २०१९ च्या वेळी घराच्या दर्शनी भागावर लाकूडचुरा मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे ज्यांना बाजारात डब्ल्यूपीसी म्हणतात त्या, पाट्या होत्या आणि शेजाऱ्यांकडे तशीच सजावट एमडीएफ व प्लायवूडची होती. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांचे सगळे फुगून पोपडे धरून गळून पडले. आमच्या पाट्या जागेवर होत्या. त्यांच्या मागे मात्र बोटभर जाड गाळ बसला होता, आणि त्या गाळाला जो वास सुटतो तो ज्यांनी पूर पाहिला आहे त्यांनाच माहीत. भाऊने मार्करने प्रत्येक पाटीच्या पाठीवर क्रमांक घातला, आम्ही सगळ्या पाट्या उतरवल्या, अंगणात टेकवून नळीने धुतल्या, भिंतही धुतली, ती वाळेपर्यंत महिनाभर थांबलो आणि त्याच पाट्या त्याच क्रमाने परत लावल्या. फक्त साधे लोखंडी स्क्रू गंजून गेल्यामुळे स्टेनलेस स्टीलचे घ्यावे लागले. २०२१ ला पुन्हा तोच उद्योग झाला.

हे शक्य झाले ते पाट्या चिकटवलेल्या नव्हत्या म्हणून. जवळच एका घराला दगडाची पातळ फरशी चिकटवलेली होती. भिंत आतून भिजलेली, बाहेर फरशी, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सांध्यांतून खार बाहेर येत राहिला आणि काही फरश्या पोकळ वाजू लागल्या. दगडाला काहीच झाले नव्हते, त्याच्या मागची पकड गेली होती.

साताऱ्याला पुराचा प्रश्न नाही हे मान्य. तरीही काढता येणारे आवरण हा गुण झडीच्या भिंतीलाही उपयोगी आहे, आणि साहेबांनी ज्या गवताच्या तट्ट्यांचा उल्लेख केला त्यांचाही तोच गुण होता. माझे म्हणणे एवढेच की पाट्या लावायच्या असतील तर भिंतीपासून निदान इंचभर पुढे, ॲल्युमिनियमच्या किंवा जस्त चढवलेल्या लोखंडी चौकटीवर लावाव्यात, खालची व वरची फट मोकळी ठेवावी आणि त्या फटीला बारीक जाळी मारावी. जाळी विसरली तर पाली, झुरळे आणि गांधीलमाश्या यांची कायमची सोय होते.

यात एक बारकावा आहे, जो आमच्याकडच्या कारागिराला दोनदा समजावून सांगावा लागला. पाट्या उभ्या असतील तर त्यांना आधार देणाऱ्या पट्ट्या आडव्या येतात, आणि आडवी पट्टी भिंतीला सलग टेकली की वर जाणारी हवा तिथेच अडते, शिवाय तिच्यावर पाणी साचते. म्हणून आधी भिंतीला उभ्या पट्ट्या मारायच्या, त्यांच्यावर आडव्या, आणि त्यांच्यावर पाटी. ठेकेदार लोखंड वाचवण्यासाठी पहिला थर गाळतात. शाहूपुरीकरांना सुचवलेल्या पाट्या उभ्या खाचांच्या आहेत, तेव्हा हे आधी विचारून घ्यावे. शिवाय पाच-सहा पाट्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर टाकाव्यात, कारण दोन वर्षांनी तोच रंग आणि तीच खाच बाजारात मिळत नाही.


दगडकाम, वाई

आमच्या घरात दगड घडवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे, त्यामुळे मी दगडाच्या बाजूने बोलेन असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात शाहूपुरीकरांच्या वरच्या मजल्याला दगड लावू नये असेच मी सांगेन, मात्र त्याचे कारण थोडे निराळे आहे.

ज्याला आज दगडाचे क्लॅडिंग म्हणतात ते दगडकाम नव्हे, ती फरशी आहे. मेणवलीचा घाट किंवा वाईतील ढोल्या गणपतीचे मंदिर पाहावे. तिथे दगडावर दगड बसला आहे, प्रत्येकाचे ओझे खालच्याने घेतले आहे आणि शेवटी सगळे जमिनीत उतरले आहे. यंत्रावर कापलेली पाऊण इंचाची चकती भिंतीला चिकटवली की तिचे ओझे कोणी घेत नाही, ते मसाल्याच्या पकडीवर लटकते. त्यातच यंत्राने कापलेल्या दगडाची पाठ इतकी गुळगुळीत असते की साधा सिमेंटचा माल तिला धरतच नाही. पाठीला टाकीचे घाव घालून ती खरखरीत करायला हवी, कापताना बसलेली भुकटी धुवायला हवी, आणि मग बाहेरच्या दगडासाठी असलेला चिकट मसाला वापरायला हवा. हे मसाले आयएस १५४७७ या मानकाखाली प्रकारवारीने येतात. पिशवीवरचा प्रकार वाचून घ्यावा, घरातल्या टाइलचा मसाला बाहेर चालत नाही. काम झाल्यावर प्रत्येक दगडावर लाकडी दांड्याने हलके ठोकून ऐकावे. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तो दगड माल ओला असतानाच काढून परत बसवायला लावावा. हप्ता देण्यापूर्वी हे करावे, नंतर कोणी येत नाही.

वडिलांची हौस तळमजल्यावर पुरी करायची असेल तर चांगला मार्ग असा आहे की चार इंच जाडीचा घडीव दगड जोत्याच्या बीमवर बसवून घ्यावा, प्रत्येक दोन-तीन थरांनंतर तो मागच्या भिंतीला पट्टीने बांधावा आणि खिडकीच्या पाटाखाली थांबवावा. त्याचे वजन जोते घेते, भिंतीला टांगलेले काहीच राहत नाही. जोते पुढे आलेले नसेल तर मात्र हे करता येणार नाही, आणि त्यासाठी नवे जोते काढत बसू नये. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरताना सिमेंट दगडाच्या तोंडावर माखू देऊ नये. काळ्या दगडावर सिमेंटचा पांढरा डाग पडला की तो आम्लाने काढायला जातात आणि दगड पिवळसर करून ठेवतात.

एक गोष्ट ग्राहकांना सहसा कोणी सांगत नाही, ती अशी की काळा दगड पश्चिमेला तापतो. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी सात वाजता त्या भिंतीला हात लावून पाहावा, दिवसभराचे ऊन त्यात साठलेले असते आणि ते रात्रीपर्यंत आत झिरपत राहते. झोपण्याची खोली त्याच बाजूला आहे असे आपण लिहिले आहे.

जांभ्याचाही विचार कोणी सुचवेल. तो हलका आणि दिसायला छान आहे, परंतु पाणी भरपूर पितो आणि झडीच्या भिंतीवर एका पावसाळ्यात शेवाळाने हिरवा होतो. कोकणात तो उघडा चालतो कारण तिथे त्याच्यावर मोठी वळचण असते.


शाहूपुरीकर, सातारा

तिघांचेही मनापासून आभार. वडिलांना सर्व उत्तरे वाचून दाखवली. तापण्याचा मुद्दा त्यांना लगेच पटला, वजनाचा मात्र अजून पटलेला नाही.

आणखी दोन गोष्टी विचारतो. पश्चिमेला आमच्या हद्दीत साधारण सहा फूट मोकळी जागा आहे, तर छज्जा किती पुढे काढता येईल आणि जुन्या स्लॅबला तो नव्याने जोडता येतो का? दुसरे म्हणजे चुन्याच्या गिलाव्याविषयी कोणी काहीच लिहिले नाही. सध्याच्या सिमेंटच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देता येईल का, की तो विचार सोडून द्यावा? चुलतभाऊ त्याविषयी फारच आग्रही आहे.


निवृत्त अभियंता, कराड

जुन्या स्लॅबला काँक्रीटचा छज्जा नव्याने जोडण्याच्या फंदात पडू नये. त्यासाठी स्लॅबमध्ये भोके पाडून सळया बसवाव्या लागतात, आणि ते काम नीट झाले नाही तर नव्या-जुन्याच्या सांध्यातूनच पाणी शिरते, म्हणजे दुखणे होते तिथेच राहते. त्याऐवजी गच्चीच्या कठड्याच्या आत लोखंडी खांब उभे करून त्यांवर उतरते हलके छप्पर घ्यावे, वर रंगीत पत्रा किंवा कौले टाकावीत आणि ते भिंतीच्या पुढे दोन ते अडीच फूट न्यावे. पत्रा वाऱ्याने उचलला जाऊ नये म्हणून खांब स्लॅबला व्यवस्थित बोल्ट केलेले हवेत. पश्चिमेला समोर शेत असल्याने वारा अडवणारे काही नाही हे विसरू नये. खिडकीवर वेगळा लहान छज्जा पत्र्याचाच करावा. मोकळ्या जागेत किती पुढे येता येते ते नकाशा घेऊन नगरपालिकेत विचारावे आणि पन्हळीचे पाणी शेजारच्या शेतात सोडू नये, नाहीतर ओल थांबेल आणि भांडण सुरू होईल.

चुना सिमेंटच्या गिलाव्यावर चढवण्यात अर्थ नाही. तो चांगला धरत नाही, आणि त्याचा मुख्य गुण, म्हणजे भिंतीतला दमटपणा बाहेर सोडण्याचा, मधल्या सिमेंटच्या थरामुळे वाया जातो. चुना वापरायचा तर जुना गिलावा विटेपर्यंत खरवडून काढावा, विटांच्या दरजा अर्धा इंच खोल कोराव्यात आणि पातळ थर देत जावे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, म्हणून दोन थरांमध्ये पुरेसे दिवस सोडावे लागतात आणि या काळात भिंतीवर कडक ऊन लागू न देता ती रोज शिंपडावी लागते. दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवले तर पावसाळ्यापूर्वी तो पुरेसा पक्का होतो. एप्रिलमध्ये सुरू करू नये. आपल्या भागात चुना भिजवून मळणारा आणि त्याचा अनुभव असलेला गवंडी मिळाला तर चुलतभावाचा पर्याय मला तिन्हींत उत्तम वाटतो. असा गवंडी मिळाला नाही तर सिमेंटचा गिलावा दोन हातांत, सांध्यावर जाळी मारून, पाण्याने नीट मुरवून करावा आणि त्यावर वाफ बाहेर सोडणारा बाहेरचा रंग द्यावा. त्या भिंतीवर रबरासारखा जाड थर धरणारा रंग पुन्हा देऊ नये.

सांगलवाडीच्या मित्रांनी पाट्यांची जी पद्धत सांगितली ती बरोबर आहे, आणि चौकटीवर, दोन थरांच्या पट्ट्यांनी लावलेल्या पाट्यांना माझा विरोध नाही. फक्त त्या चौकटीसाठी भिंतीत जी भोके पडतात ती बाहेरच्या बाजूला किंचित उतरती पाडावीत आणि प्रत्येक भोकात सीलंट भरून मगच बोल्ट आवळावा, नाहीतर एका तड्याच्या जागी चाळीस छिद्रे होतात.

नळीची चाचणी या उन्हाळ्यात झाली की पाणी कोणत्या उंचीवर आत आले आणि किती वेळाने दिसले ते इथे लिहावे. पाणी फक्त खिडकीच्या पाटातून येत असेल तर वरच्या छपराचा खर्च करण्याची गरजच पडणार नाही.